कामाची वही: रंगाच्या कारखान्यात राबलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आमच्या ह्यांच्या लघवीत पहिल्यांदा रक्त दिसलं ते २००९ च्या गणपतीत. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी लघवी अगदी स्वच्छ. जवळच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दिवाळीनंतर पुन्हा तसंच, पुन्हा गोळ्या. मूत्ररोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला आम्हाला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांचे सगळे केसपेपर माझ्याजवळ आहेत. प्रत्येकावर ‘तंबाखू: नाही’ असं लिहिलंय आणि व्यवसायापुढे ‘नोकरी’. नोकरी कसली, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

हे १९७७ साली, बावीस वर्षांचे असताना, डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. बेंझिडिन (ज्यापासून कापडाचे रंग बनवत ते रसायन) हा शब्द आमच्या घरात मिठासाखरेइतका रुळलेला होता, आणि तरी मूत्राशयातली गाठ आणि तो शब्द यांची गाठ माझ्या मनात पडली नाही. ती पाडून दिली दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी विचारलं, “काका, नोकरीत हाताला रंग लागायचा का?” त्यानंतर आम्ही दोघं रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून एक वही लिहायला लागलो. ती वही कशी लिहायची, तेच इथे सांगते. नंतर ह्यांच्या शिफ्टमधल्या सहा जणांच्या घरी बसून मी अशाच वह्या लिहून घेतल्या, त्यामुळे कुठे अडतं तेही माहीत झालंय.

आधी एक गोष्ट. लघवीत रक्त दिसलं असेल तर वही पूर्ण व्हायची वाट बघू नका. आधी डॉक्टर, वही जोडीला. रक्त एकदाच दिसलं, न दुखता दिसलं, आपोआप थांबलं, तरीही. न दुखता येणारं रक्त हीच मूत्राशयाच्या कर्करोगाची नेहमीची पहिली खूण आहे आणि ते येतं-जातं. बायकांच्या बाबतीत तर ते पाळीचं किंवा संसर्गाचं समजून आणखी उशीर होतो.

वही का लागते

मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. जवळपास निम्मे रुग्ण त्याच्या खात्यावर जातात. कामाच्या जागेचा वाटा साधारण शंभरात पाच ते दहा असा धरतात. आकडा लहान वाटेल, पण रंग आणि रबराच्या धंद्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला तो लागूच होत नाही. त्याचा धोका याहून मोठा.

हे कळून सव्वाशे वर्षं झाली. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी असल्याचं मांडलं. त्याने दोष ॲनिलिनला, रंगाच्या एका कच्च्या मालाला, दिला. पुढे खरे अपराधी बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन हे त्याचेच भाऊबंद निघाले; १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपरने कुत्र्यांना बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन गाठी होतात हे दाखवलं. आपल्याकडे बेंझिडिनपासून होणारे ४२ रंग हाताळायला १९९३ पासून बंदी आली आणि १९९७ मध्ये ॲझो कुळातल्या आणखी ७० रंगांवर. ह्यांनी बेंझिडिनची पिंपं उघडली ती १९७७ ते १९८६. म्हणजे जर्मनीत कळल्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ही द्रव्यं फुप्फुसात किंवा हातावर न राहता मूत्राशयातच का घात करतात, हे मुलांना शिकवावं तसं सांगते. श्वासातून किंवा कातडीतून आत गेलेलं अमाइन (बेंझिडिन आणि त्याचे भाऊबंद याच जातीचे) यकृतात जातं. यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्याला दुसऱ्या रेणूची जोड देऊन लघवीत सोडतं. लघवी आम्लधर्मी असली की ती जोड सुटते आणि आतला विखारी तुकडा मोकळा होतो. बाकी शरीरातून तो क्षणात पुढे जातो. मूत्राशयात मात्र तासन्‌तास साठून अस्तराला लागून राहतो. मूत्रपिंडातली लघवी गोळा होणारी पिशवी आणि मूत्रवाहिनी यांना आतून तेच अस्तर असतं, म्हणून गाठ तिथेही होऊ शकते. आणि हे घडायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मालक बदललेला असतो, माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. म्हणून वही.

वर्षं आठवायची कशी

दोनशे पानी लांब वही घ्या. डाव्या समासात वर्षं. सुरुवात पहिल्या कमाईपासून करा, शेवटच्या नोकरीपासून नको. पुरुषांना तारखा आठवत नाहीत, हा माझा अनुभव. त्यांना “कुठल्या साली पॅकिंगला गेलात?” असं विचारलं की ते छताकडे बघतात. “गिरण्यांचा संप झाला तेव्हा कुठल्या खात्यात होता?” असं विचारलं की लगेच उत्तर येतं, कारण १९८२ चा संप सगळ्यांना आठवतो. थोरलीचा जन्म, धाकट्याची मुंज, घराचा ताबा, २६ जुलैचा पूर: घरातल्या आणि गावातल्या घटनांच्या खुंट्यांवर नोकरीची वर्षं टांगायची. बायको शेजारी बसलेली हवी. कुठल्या वर्षी कुठल्या रंगाचे कपडे धुतले, हे तिला आठवतं.

कागद शोधा: पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड, नेमणुकीचं पत्र, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, दिवाळीला मिळालेली कंपनीची डायरी. आमच्याकडे एका जुन्या डायरीत ओव्हरटाइमचा हिशेब सापडला आणि त्यात ‘चार्जिंग’ (पिंपात माल टाकणं), ‘प्रेस’, ‘ड्रायर’ असं रोजचं काम लिहिलेलं होतं. त्या डायरीने निम्मी वही भरली.

हुद्दा नको, हात काय करत होते ते लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक वह्या फसतात. ‘ऑपरेटर’, ‘हेल्पर’, ‘फिटर’ या शब्दांतून डॉक्टरांना काहीही कळत नाही. पहिल्या दिवशी ह्यांनी लिहिलं होतं, “१९७७–८६, ऑपरेटर, डायरेक्ट डाइज प्लांट.” मी विचारत गेले तसं निघालं ते असं: पिंपाचं झाकण छिन्नीने उघडायचं, आतली ओलसर पूड फावड्याने बादलीत काढायची, बादली खांद्यावर घेऊन लाकडी पिंपाच्या कडेला जायचं, ओतायची. नायट्राइट आणि बर्फ टाकायचा. वाफ तोंडावर यायची. नाकाला रुमाल. हातमोजे रबराचे, शिफ्टला एक जोड तिघांत. नंतर फिल्टर प्रेस उघडायचा, पाट्यांवरचा केक, म्हणजे गाळून उरलेला ओला रंग, लाकडी पट्टीने खरवडायचा. ड्रायरमधून सुका रंग काढून दळणयंत्रात घालायचा. तिथे धूळ इतकी की समोरचा माणूस दिसायचा नाही.

म्हणून प्रत्येक कामापुढे एवढं तरी विचारा: पदार्थ पूड होता, ओला होता की वाफ? हाताला लागायचा का? कातडी किती वेळ ओली राहायची? जेवण कुठे करायचात, हात कशाने धुवायचात? थुंकी, शेंबूड, घाम यांना रंग यायचा का? कपडे कुठे बदलायचात? टाकी किंवा रिॲक्टर आतून साफ करायला कोण उतरायचं? गळती, स्फोट, अंगावर सांडणं असं काही झालं का, कधी? देखभालीच्या माणसाची वही तर जास्त नीट लिहा, कारण सगळ्या खात्यांतले तुंबलेले पाइप तोच उघडतो.

कातडीचा प्रश्न मी वारंवार विचारते. मास्क होता म्हणजे माणूस सुरक्षित होता, असं आपण समजतो. जपानमधल्या फुकुई इथल्या एका कारखान्यात ऑर्थो-टोल्युडिन हे असंच एक अमाइन हाताळणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग उघड झाला, २०१५ मध्ये. तपासात दिसलं ते हे, की द्रव्य मुख्यतः कातडीतून आत जात होतं, आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरलेले हातमोजे आतूनच माखलेले होते. जो मोजा हात वाचवायला घातला, तोच द्रव्य दिवसभर हाताला बांधून ठेवत होता.

आमच्या घरचं एक पान मी स्वतः लिहिलं. ह्यांचे कामाचे कपडे मी नऊ वर्षं घरी धुतले, मोरीत, हातांनी. पाणी कधी तांबडं, कधी काळं. बनियन कितीही धुतला तरी काखेत गुलाबी. त्याच पिंपात लेकीचे लंगोट भिजायचे. ही नोंदही वहीत हवी, आणि ती घरातल्या बाईच्या स्वतःच्या तब्येतीच्या कागदांनाही जोडायला हवी.

पदार्थांची नावं

कारखान्यात कुणी रासायनिक नाव घेत नाही. डायरेक्ट ब्लॅक ३८ ला आमच्याकडे ‘ब्लॅक ई’ म्हणायचे, तो बेंझिडिनचा. काँगो रेडही बेंझिडिनचाच. बोलीतलं नाव आधी जसंच्या तसं लिहा, खरं नाव नंतर शोधा. जुने सोबती, प्रयोगशाळेतला केमिस्ट, स्टोअर्सचा कारकून यांना फोन करा. स्टोअर्सचा माणूस सोन्यासारखा. पिंपांवरची लेबलं त्यानेच वाचलेली असतात.

सुरक्षा माहितीपत्रक मिळालं तर त्यावर ‘कॅस’ क्रमांक असतो. नावं दहा असतात, क्रमांक एकच, म्हणून तो उतरवून घ्या. मी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत ते: बेंझिडिन ९२-८७-५, बीटा-नॅफ्थिलअमाइन ९१-५९-८, ४-अमिनोबायफिनाइल ९२-६७-१, ऑर्थो-टोल्युडिन ९५-५३-४, आणि पॉलियुरेथेनचे रोलर, चाकं बनवताना वापरतात ते मोका १०१-१४-४. या पाचही द्रव्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत, ठेवलंय. टोबियास ॲसिडच्या (हाही रंगाचा एक कच्चा माल) प्लांटवर होतात असं कुणी म्हणालं तर तेही ठळक लिहा. त्यात बीटा-नॅफ्थिलअमाइनची भेसळ राहू शकते.

ज्यांची कंपनी अजून चालू आहे त्यांनी माहिती मागावी. भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आपण काय हाताळतो हे जाणून घेण्याचा, आपल्या आरोग्याच्या नोंदी बघण्याचा हक्क कामगाराला मिळाला. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

रंगाच्या बाहेरचे लोक विचारतात, “आमचं काय?” रबर, टायर कारखाना: होय, वही लिहा. रंगारी, स्प्रे पेंटर: होय. ॲल्युमिनियमच्या भट्टीवर डांबराच्या धुरात काम केलेले: होय. अग्निशमन दलातल्या कामाला २०२२ मध्ये गट १ मध्ये घातलं, मूत्राशयाचा कर्करोग त्यात आहे. केस रंगवणाऱ्यांच्या कामाला ‘बहुधा कर्करोग होतो’ या गटात ठेवलंय. यंत्राचे भाग ट्रायक्लोरोइथिलीनच्या टाकीत बुडवून तेलकटपणा काढणारे मात्र मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी वही लिहोत, क्रमांक ७९-०१-६. प्रोस्टेटबद्दल मला खूप जण विचारतात. तिथे कामाशी नातं सांगणारा पुरावा बराच कच्चा आहे. त्यासाठी महिनोन्‌महिने कागद गोळा करत बसू नका, उपचाराकडे बघा.

घरचं, गावचं पान

हे पान प्रामाणिकपणे लिहा. बिडी, सिगारेट किती वर्षं, रोज किती. लपवलंत तर पुढे कुणीतरी ते काढतंच आणि सगळ्या वहीवरचा विश्वास उडतो. धूम्रपान होतं म्हणून कामाचा दोष पुसला जात नाही. दोन्ही एकत्र असले की धोका वाढतोच.

विहिरीचं, बोअरचं पाणी कुठलं प्यायलात? पाण्यातल्या आर्सेनिकने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर आणि चिलीतल्या आंतोफागास्तात नीट दिसलंय. महाराष्ट्रात हा मोठा प्रश्न नाही, पण आपल्या एमआयडीसीत बंगाल-बिहारमधून आलेले कितीतरी आहेत आणि गंगेच्या खोऱ्यातल्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्यांच्या वहीत गावाचं नाव हवं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम.

कोकणातल्या एका जागेचं नाव मी मुद्दाम घेते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ च्या सुमारास लघवीत रक्त येणाऱ्या लोकांमध्ये रक्तकृमीची, म्हणजे रक्तात राहणाऱ्या परजीवी किड्याची, लागण सापडली होती. भारतात असं ठिकाण विरळ. इजिप्तमध्ये याच जातीच्या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या मूत्राशयाचे कर्करोग झाले. जुन्या पिढीतलं कुणी तिथलं असेल तर एक ओळ लिहून ठेवा.

औषधं: जुन्या दवाखान्यात मिळणारी ‘एपीसी’ची गोळी वर्षानुवर्षं खाल्ली असेल तर लिहा, तिच्यातलं फिनॅसिटिन मूत्रमार्गाला घातक होतं. झाडपाल्यात ईश्वरीमूळ किंवा कीडामारी असेल तर तेही. त्यांच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंड निकामी होतं आणि वरच्या मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. ओटीपोटाला दिलेले किरण आणि सायक्लोफॉस्फमाइड (कर्करोगावर देतात ते एक औषध) यांचीही नोंद हवी.

डोंबिवलीचे लोक म्हणतात, “आमच्याकडे २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, ते लिहू का?” लिहा, राग योग्यच आहे. पण रस्त्यावरून चालणं आणि नऊ वर्षं पिंपात फावडं घालणं यांत फार अंतर आहे, आणि वहीत ते अंतर दिसलं पाहिजे.

डॉक्टरांपुढे

अख्खी वही पुढे करू नका, वाचायला वेळ नसतो. तिचा एका पानाचा सारांश करा: वर्षं, काम, द्रव्य, कातडी की श्वास, धूम्रपान. ह्यांचं पान असं होतं: “१९७७–८६, बेंझिडिन पूड हाताने चार्जिंग, कातडी व श्वास दोन्ही, १९८६–९६, रंगाचं दळण व पॅकिंग, धूम्रपान कधीच नाही.” आणि नम्रपणे, पण ठामपणे म्हणा: “हे केसपेपरवर लिहून द्या.” तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

तपासण्यांबद्दल विचारायचं ते असं. लघवीची साधी तपासणी आणि पेशींची तपासणी होतेच. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून उठून येऊ नका. छोटी, सपाट गाठ तिच्यात निसटू शकते. रक्त दिसलंय आणि असलं काम केलंय, तर मूत्राशयात दुर्बीण घालून बघायचं का, हा प्रश्न स्वतः विचारा. गाठ निघाली आणि वरवरची असली तर ती दुर्बिणीतूनच खरवडून काढतात, पुष्कळदा नंतर मूत्राशयात बीसीजी सोडतात, हो, क्षयाची लस तीच. गाठ परत परत येते, म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बीण चुकवायची नाही. ह्यांनी सहा वर्षांत एकही चुकवली नाही. २०१६ मध्ये हे गेले.

भरपाईचा कागद

१९२३ च्या जुन्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मूत्राशय, मूत्रपिंड किंवा मूत्रवाहिनीच्या अस्तराचा कर्करोग व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. हे बऱ्याच डॉक्टरांना आणि वकिलांनाही सांगावं लागतं. अशा कामात सलग सहा महिने तरी नोकरी दाखवावी लागायची, आणि वहीतल्या पावत्या तिथेच कामाला येतात. त्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. आजार नोकरी सोडल्यावर वीस वर्षांनी आला की वाद त्या मुदतीवर अडतो, आमचाही तिथेच अडला. म्हणून निदान झाल्या आठवड्यातच कामगारांचे खटले चालवणारा वकील गाठा. आता त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्यात, त्यामुळे कुठल्या कलमाखाली जायचं ते त्यालाच विचारा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवा. दावा टिको न टिको, त्या खात्यात आज काम करणाऱ्यांची तपासणी व्हायला तुमचा कागद कारण होऊ शकतो.

जे आज कामावर आहेत

तुमची वही आजपासून, रोजच्या रोज. भिजलेला हातमोजा धुऊन वापरू नका, दुसरा मागा. आंघोळ करून, कपडे बदलून बाहेर पडा आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका. ते कंपनीने धुवायचे. वार्षिक तपासणीच्या कागदाची प्रत घ्या, फोटो काढून घ्या. पिंपाच्या लेबलाचाही फोटो काढा. नोकरी सोडताना सगळं सोबत आणा, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला कामाचं नाव सांगा, तो विचारो न विचारो.

वही एका प्लास्टिकच्या पिशवीत, डिस्चार्ज कार्डासोबत ठेवा. एक प्रत मुलांकडे. शेवटच्या पानावर शिफ्टमधल्या सोबत्यांची नावं आणि गावं लिहा. ह्यांनी चौदा नावं लिहिली होती. त्यातल्या सहा घरी मी जाऊन आले, दोघांना तोवर लघवीत रक्त येऊन गेलेलं होतं आणि दोघांनीही घरी सांगितलं नव्हतं. उरलेल्या आठांपैकी तिघांचे पत्ते मला अजून मिळालेले नाहीत.